वाचकांचे प्रश्न : आकाशगंगा आणि मधली धूळ

प्रश्न : अमावास्येच्या रात्री अंधाऱ्या माळावर तासभर थांबलो, तरी आकाशगंगेचा उजळ पट्टा दिसला नाही. डिसेंबर महिना होता, वेळ रात्री नऊची. काय चुकलं?

उत्तर : महिना चुकला. आकाशगंगेचं केंद्र धनू राशीत, वृश्चिकाच्या नांगीजवळ आहे आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्यच त्या बाजूला असतो. रात्री आपलं तोंड उलट दिशेला, म्हणजे काठाकडे असतं. ब्रह्महृदय ताऱ्यापासून मृग नक्षत्राशेजारून जाणारा पट्टा तेव्हाही असतो, पण फार फिकट. केंद्राकडचा भाग मार्चमध्ये पहाटेआधी, जूनमध्ये मध्यरात्री आणि सप्टेंबरमध्ये अंधार पडताच पाहावा. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मोबाइल एकदा पाहिला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! टॉर्च लाल उजेडाचाच हवा.

प्रश्न : फोटोत जांभळी-गुलाबी दिसणारी आकाशगंगा डोळ्यांना राखाडी का दिसते?

उत्तर : मंद उजेडात काम करणाऱ्या डोळ्यांतल्या पेशींना रंग कळत नाहीत. कॅमेरा वीस-पंचवीस सेकंद प्रकाश साठवतो, म्हणून त्याला कळतात (भडकपणा मात्र बहुधा नंतर चढवलेला असतो). स्वतः काढायचा असेल तर ट्रायपॉड, २० मिमी लेन्स, एफ २.८ (लेन्सचं छिद्र मोठं), आयएसओ ३२०० (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता जास्त). ५०० ला लेन्सच्या मिमीने भागलं की सेकंद मिळतात, इथे २५. कॅमेऱ्याचा सेन्सर (प्रकाश टिपणारी पट्टी) फुल-फ्रेमपेक्षा लहान असेल तर उत्तराला आणखी दीडने भागा, नाहीतर ताऱ्यांच्या रेघा उमटतील. फोकस लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर सोडू नका, ती अनेकदा चकवते. ठळक तारा स्क्रीनवर मोठा करून हातानेच जुळवा.

प्रश्न : आपण आकाशगंगेच्या आतच आहोत, मग तिचा आकार कळला कसा?

उत्तर : चुकतमाकत. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने १७८५ मध्ये दिशादिशांचे तारे मोजून नकाशा केला, त्यात सूर्य जवळजवळ मध्यभागी आला. धुक्यात उभ्या माणसालाही आपणच मधोमध आहोत असं वाटतं, तसंच हे. इथलं धुकं म्हणजे ताऱ्यांमधली धूळ. हंस तारकासमूहापासून खाली पट्टा दुभंगलेला दिसतो तो तिच्यामुळेच. १९१८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅपलीने गोलाकार तारकागुच्छांची (ताऱ्यांच्या चेंडूसारख्या दाट पुंजक्यांची) अंतरं काढली. ते धनूच्या बाजूला गर्दी करून होते, म्हणून केंद्र तिकडे. दिशा बरोबर निघाली, पण धूळ हिशेबात नसल्याने मंद दिसणारे गुच्छ त्याला जास्त दूरचे वाटले आणि त्याची आकाशगंगा सुमारे तीन लाख प्रकाशवर्षं रुंद झाली. धुळीचा पक्का पुरावा खगोलशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रम्पलरने १९३० मध्ये दिला. आज आकाशगंगेच्या तबकडीचा व्यास साधारण एक लाख प्रकाशवर्षं मानतात आणि सूर्य केंद्रापासून सुमारे २६ हजारांवर.

तिच्या सर्पिल भुजा (केंद्राभोवती वळत गेलेले ताऱ्यांचे पट्टे) उलगडल्या त्या १९५१ नंतर. त्या वर्षी हायड्रोजन वायूच्या २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरी टिपता आल्या आणि त्या धुळीला जुमानत नाहीत. बाहेरून काढलेला आपल्या आकाशगंगेचा फोटो मात्र अस्तित्वातच नाही. तसा म्हणून फिरतो तो एकतर चित्रकाराचा हात असतो, नाहीतर शेजारची देवयानी दीर्घिका.