गळ, खंड्या आणि शेतातली डुकरं : कॅमेऱ्याबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दर रविवारी गोदावरीच्या काठी गळाने मरळ धरतो. मोबाइलवर शूटिंग करून पाहिलं, पण मासा लागतो तेव्हा नेमका मोबाइल खिशात असतो. बजेट वीस हजार आहे. कॅमेरा कोणता घ्यावा आणि तो डोक्याला बांधावा की छातीला? – वाचक, गंगाखेड

उत्तर : वीस हजारांतले बारापेक्षा जास्त कॅमेऱ्यावर घालू नका. उरलेल्या आठांत कार्ड, दोन जादा बॅटऱ्या, पट्टा आणि माइक बसवायचा आहे. शूटिंग फसतं ते बहुतेक वेळा या किरकोळ वाटणाऱ्या सामानापायी.

बारा हजारांत नवाकोरा पण बिननावाचा 'फोर-के' कॅमेरा घेण्यापेक्षा नावाजलेल्या कंपनीचा दोन-तीन पिढ्या जुना, वापरलेला ॲक्शन कॅमेरा बरा. स्वस्त कॅमेऱ्यांत बऱ्याचदा सेन्सर छोटा असतो आणि चित्र आतल्या आत ताणून फोर-के म्हणून लिहिलं जातं. परीक्षा सोपी आहे. कडुनिंबाच्या झाडासमोर दहा पावलांवर उभं राहून तेच दृश्य एकदा फुल एचडीत आणि एकदा फोर-केत घ्या, मग दोन्ही मोठ्या स्क्रीनवर लावा. पानांच्या कडा दोन्हींत सारख्याच गिचमिड दिसल्या तर ते फोर-के नावापुरतं. जुना कॅमेरा घेताना बॅटरी फुगलेली नाही ना आणि झाकणाचं रबर तडकलेलं नाही ना हे बघा. विकणाऱ्यासमोर सलग वीस मिनिटं रेकॉर्डिंग चालू ठेवा. खोट असलेला कॅमेरा बहुधा तेवढ्यात तापून बंद पडतो.

डोकं की छाती, हे तुम्ही कसे बसता यावर ठरतं. उभं राहून गळ फेकत असाल तर छातीचा पट्टा उत्तम : दोन्ही हात, रीळ आणि काठी एका चौकटीत येतात. पण आपल्याकडे काठावर उकिडवं बसायची सवय. तसं बसलात की छातीच्या कॅमेऱ्याला फक्त तुमचे गुडघे दिसतात. मग डोक्याला बांधा, टोपी उलटी घाला म्हणजे छज्जा चौकटीत येणार नाही, आणि लेन्स थोडी खाली झुकवा. मान न वाकवता हातातलं रीळ चौकटीच्या खालच्या भागात दिसलं पाहिजे. मान मात्र गर्रकन फिरवू नका, बघणाऱ्याला मळमळतं.

मासा लागण्याचा क्षण हुकतो त्यावर उपाय लूप रेकॉर्डिंग. पाच मिनिटांचा लूप ठेवला की कॅमेरा जुनं पुसत राहतो. मासा हातात आला की थांबवायचं, शेवटची पाच मिनिटं कार्डावर शिल्लक राहतात. मरळीशी झुंज लांबली तर पाच मिनिटं अपुरी पडतील, तेव्हा वीसचा लूप घ्या. कार्ड वाचतं, बॅटरी मात्र तेवढीच खर्ची पडते.

सेटिंग फुल एचडी, सेकंदाला 60 फ्रेम. फोर-केत 100 एमबीपीएसने (म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिट) तासाला 45 जीबी लागतात, म्हणजे 64 जीबीचं कार्ड दीड तासाच्या आत भरतं. फुल एचडीत 45 एमबीपीएस धरले तरी तेच कार्ड तीन तास पुरतं. कार्डावर व्ही-30 (व्हिडिओ लिहिण्याच्या वेगाची खूण) लिहिलेलं हवं. बाजारात बनावट कार्डं फार आहेत. आकडा 128 चा, जागा 16 जीबीची, आणि त्यापुढचं सगळं नुसतं लिहिल्यासारखं दाखवून गायब. विकत घेतल्यावर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमने संपूर्ण कार्ड भरून तपासा.

पाण्यावरची चकाकी काढायला पोलरायझर फिल्टर लागतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण 37 अंशांच्या कोनातून बघताना तो सर्वांत चांगला काम करतो. काठावर फार उंचावर किंवा पाण्याला टेकून बसलात तर फरक कमी दिसेल. डोक्यावरच्या कॅमेऱ्याला मात्र तो लावून पैसे वाया घालवू नका. डोकं जरा तिरकं झालं की फिल्टरचा कोन बदलतो आणि पाणी उजेड-अंधारात हेलकावे खातं. मोबाइल स्टँडवर ठेवून बाजूने दुसरा कोन घेत असाल तर त्याला लावा. काळी काच, म्हणजे एनडी फिल्टर, अंगावर बांधलेल्या कॅमेऱ्याला नकोच : शटर संथ होतं, आणि धक्क्यांमुळे आलेला धूसरपणा कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण काढू शकत नाही.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीशीपार जातो. काळ्या रंगाचा कॅमेरा दुपारी उन्हात ठेवून फोर-के लावलात तर थोड्याच वेळात 'तापमान जास्त' म्हणून बंद. वायफाय, जीपीएस आणि मागचा स्क्रीन बंद ठेवा, मधल्या वेळात ओल्या पंच्याखाली सावलीत ठेवा, आणि उन्हात बॅटरी चार्ज करू नका. कॅमेऱ्याला तरंगणारी मूठ किंवा दोरी हवीच. गोदावरीत बुडालेला कॅमेरा शोधायला कुणी उतरत नाही.

धरणात किंवा तलावात गळ टाकणार असाल तर आधी मच्छीमार संस्थेला विचारा, तिथे मासेमारीचा ठेका असतो. आणि पावसाळ्यात गाभोळीच्या, म्हणजे अंड्यांवर आलेल्या, मरळीला हात लावू नका.

प्रश्न : माझ्या व्हिडिओत वाऱ्याचा नुसता घोंघाट येतो. महागडा माइक घ्यावा लागेल का? – वाचक, माजलगाव

उत्तर : नाही. माइकच्या जाळीवर वारा थेट आदळतो म्हणून घोंघाट होतो. त्यावर उपाय केसाळ कव्हर. स्पंजचं कव्हर खोलीत चालतं, धरणाच्या भिंतीवर नाही. स्वस्तातला वायरलेस माइक घेतलात तर तो शर्टाच्या आत, गळ्याखाली लावा आणि वाऱ्याकडे पाठ करा. हे माइक बहुतेक 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, आणि माणसाचं अंग पाण्याने भरलेलं असल्याने त्या लहरी अडवतं. तुमचं अंग मध्ये आलं की आवाज तुटतो, म्हणून रिसिव्हर समोर ठेवा. सुरुवातीला चौकटीत एक टाळी वाजवा. वेगळा आवाज चित्रावर बसवताना तो खण्‌कन आवाजच खूण ठरतो.

प्रश्न : आमच्या रानात डुकरं, ससे, तितर भरपूर. कुत्री घेऊन जातो, त्याचं शूटिंग करून चॅनेलवर टाकायचं आहे. – वाचक, जिंतूर

उत्तर : टाकूही नका, घ्यायलाही जाऊ नका. ससे आणि तितर धरणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. कुत्र्यांनी पाठलाग करणं, फास लावणं, आमिष दाखवणं आणि त्याचा प्रयत्नही त्यात येतो. तुमचा व्हिडिओ वन विभागाच्या हाती स्वतःहून दिलेला पुरावा ठरेल. डुकरं पीक लोळवत असतील तर रीतसर परवानगी आणि नुकसानभरपाईसाठी वन विभागाकडेच जायचं.

पण डुकरं कुठून येतात, किती येतात हे कळायला ट्रॅप कॅमेरा, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो घेणारा कॅमेरा, मात्र घ्या. तो जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर, वाटेला तिरका बांधा. वाटेच्या समोरासमोर लावला तर जनावर चौकटीत येऊन जाईपर्यंत सेन्सर जागा होत नाही. तोंड पूर्व-पश्चिमेला नको, उगवत्या-मावळत्या उन्हाने खोटे फोटो निघतात. समोरचं गवत आणि तुरीची फांदी छाटा, नाहीतर वाऱ्याने हललेल्या फांदीचेच दोनशे फोटो येतात. सेन्सर उष्णतेतला फरक ओळखतो. मे महिन्यात हवाच जनावराच्या अंगाइतकी तापलेली असली की दिवसा तो चुकतो, पहाटे ठीक चालतो. रात्रीच्या फोटोंसाठी त्यात इन्फ्रारेड दिवे असतात : 850 नॅनोमीटरचे लांबवर पोचतात पण अंधारात लालसर ठिपके दिसतात, 940 चे अदृश्य पण जवळपुरते. चोरीची भीती असेल तर 940.

प्रश्न : नाथसागरावर पक्षी मासे कसे धरतात त्याचं शूटिंग करायचं आहे. लेन्सला लाखभर नाहीत. – वाचक, पैठण

उत्तर : लाख नकोत. जुना सुपरझूम कॅमेरा, ऑप्टिकल झूम चाळीस-पन्नास पटींचा, पुरतो. डिजिटल झूमचा आकडा विसरा, तो चित्र कापून मोठं करतो. या कॅमेऱ्यांचा सेन्सर नखाएवढा असतो, म्हणून कडूस पडल्यावर चित्रात दाणे दिसतात.

सुरुवात कवड्या खंड्यापासून करा. हा काळा-पांढरा पक्षी पाण्यावर एका जागी पंख फडफडवत लटकतो आणि मग सरळ सूर मारतो. तो लटकलेला असताना फोकस घेऊन लॉक करा, 120 फ्रेमवर ठेवा, झूम थोडा मागे घ्या म्हणजे सूर चौकटीबाहेर जाणार नाही. कैकर, म्हणजे मीनखाई घार, हिवाळ्यात येते, पण ती लांबून आणि वेगात मारा करते, नवशिक्याला हाती लागत नाही. स्टँडऐवजी कापडी पिशवीत दोन किलो ज्वारी भरून ती दगडावर ठेवा आणि वर कॅमेरा टेकवा. स्वस्त तिपाईपेक्षा ती कमी हलते, आणि भूक लागली तर भाकरीही होते.

सकाळी आठनंतर तापलेल्या हवेतून लांबचं सगळं थरथरतं. हे लेन्सचं दुखणं नव्हे, त्यामुळे महाग लेन्सही ते दुरुस्त करत नाही. सूर्य पाठीशी ठेवा. आणि जायकवाडी, म्हणजे तुमचा नाथसागर, 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. शूटिंगसाठी मासे टाकून पक्षी बोलावणं किंवा रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा उडवून 'सीन' करणं, दोन्ही नको. उडालेला थवा बहुधा त्या जागी तासभर परत येत नाही, तुमचं शूटिंग तिथेच संपतं.