मावशींना ‘नको’ कसं म्हणू?

प्रश्न: ताई नमस्कार, मी पुण्यात सिंहगड रोडला राहते, आयटीत आहे, आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम असतं. आमच्याकडे केर-फरशी आणि भांड्यांना एक मावशी येतात, बरीच वर्षं झाली, वय पन्नाशीच्या पुढे, काम एकदम चोख, स्वभावाने प्रेमळ, आणि म्हणूनच मला काही बोलता येत नाही. मी मीटिंगमध्ये असले तरी टेबलापाशी उभ्या राहून शेजारच्या फ्लॅटमध्ये काल काय भांडण झालं ते सांगत बसतात (मग आमचं काय काय तिकडे सांगत असतील असं वाटत राहतं). फ्रीज उघडून “ताई हे नेऊ का नातीला” विचारतात, नको कसं म्हणणार. परवा तर आमचं कपाट उघडून नवऱ्याचे शर्ट घड्या करून लावले, चांगल्या मनानेच केलं पण मला फार ऑकवर्ड झालं. जूनमध्ये नातीच्या शाळेसाठी पाच हजार उचल घेतलीये, त्याचा विषयच निघत नाही. सासूबाई म्हणतात तू डोक्यावर बसवून ठेवलंयस, त्यांचा कप वेगळा ठेव आणि बाथरूम वापरू देऊ नको म्हणजे आपोआप अंतर राहील. नवरा म्हणतो बदलून टाक. मला त्यांना दुखवायचं नाहीये, आम्ही त्यांना घरच्यासारखंच मानतो. काय करू?

उत्तर: आधी सासूबाईंच्या सल्ल्याबद्दल बोलते, कारण बाकीचं सगळं सोपं आहे आणि हे नाही. वेगळा कप ठेवू नका आणि बाथरूम बंद करू नका. अंतर ठेवायचं म्हणून आपल्याकडे जे जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं हे असलंच असतं, वेगळा कप, वेगळी ताटली, लिफ्ट वापरू नका, सोफ्यावर टेकू नका. ही जुनी शिवाशिवच आहे, आणि ती राज्यघटनेने कधीच बंद केलीये. तुमच्या मावशी सकाळी सातला घराबाहेर पडत असतील, पाच-सहा घरं करून दुपारी दोन-तीनला परत जात असतील, एवढ्या वेळात बाईमाणसाने जायचं कुठे? कित्येक जणी जावंच लागू नये म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत, मग लघवीला जळजळ, इन्फेक्शन, ताप आणि मग खाडा, आणि त्या खाड्याचे पैसे आपण कापणार. तेव्हा तुम्ही स्वतःहून सांगा, मावशी बाथरूम वापरत जा, पाणी पित जा. हे सांगितल्यावर बाकीचं बोलायला तोंड राहतं.

आता तुमचा त्रास. तो खराच आहे, त्यात अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही. पण तुम्ही चार वेगळ्या गोष्टींचं एकच गाठोडं केलंय म्हणून ते उचलवत नाहीये. मीटिंगमधल्या गप्पांचा प्रश्न निम्मा तर कामाचा क्रम बदलूनच सुटेल. “मावशी, दहा ते अकरा माझं ऑफिसचं बोलणं चालू असतं, आधी किचन आणि हॉल करा, माझी खोली सगळ्यात शेवटी” एवढं सांगा आणि त्या तासाला दार लावून घ्या. आणि त्या का बोलतात तेही बघा, पाच घरांत दिवसभर “इथे राहिलं, तिथे पुसा” याच्यापलीकडे त्यांच्याशी कोणी बोलत नसतं. काम झाल्यावर पाच मिनिटं चहा घेताना बोला की, नातीबद्दल विचारा, त्यांच्या गुडघ्यांबद्दल विचारा. फक्त शेजारच्यांचं सुरू झालं की तिथल्या तिथे “राहू दे मावशी, त्यांच्या घरचं त्यांच्यापाशी” म्हणायचं, हसून म्हटलं तरी चालेल पण दर वेळी म्हणायचं. एकदा कान देऊन ऐकलं आणि दुसऱ्यांदा तोंड वाकडं केलं तर समोरच्या माणसाला काय कळणार?

फ्रीजचं माझ्या अंदाजाने असं झालं असेल की परवाची भाजी, उरलेला केक, संपत आलेलं श्रीखंड आपणच “घेऊन जा” म्हणून देत आलो, त्यामुळे फ्रीजमधलं मागितलं तर चालतं असं त्यांना वाटणं साहजिक आहे. यापुढे द्यायचं असेल ते तुम्ही स्वतः काढून, झाकण लावून, ताजं असताना द्या. आणि त्यांनी विचारलंच तर “आज नको मावशी, ते लागणारे” एवढं पुरे, त्याला कारणांची शेपटं जोडू नका. कपाटाचंही तसंच सरळ सांगायचं, “शर्ट छान लावलेत, पण कपाट आमचं आम्ही लावतो, तुम्ही नका उघडू.” मनात शंका नसेल तर आवाजातही येत नाही, आणि कपाट उघडलं म्हणजे चोरीचा संशय अशी भीती त्यांना आयुष्यभर असते, म्हणून हे एकटीला, शांतपणे सांगा, नवऱ्यासमोर किंवा सासूबाईंसमोर नको.

उचल मात्र बोलूनच मोकळी करायला हवी, कारण पैशाचा विषय मनात ठेवला की फरशीवरचा डागसुद्धा मोठा दिसायला लागतो. त्यांनाच विचारा महिन्याला किती जमेल. पाचशे म्हणाल्या तर पाचशे, दहा महिन्यांत फिटेल. किचनमधल्या कॅलेंडरवर दोघींच्या समोर लिहा आणि फेडायचे पैसे पगार हातात देतानाच वळते करा, नंतर मागायला लागू नये. दरम्यान दुसरी उचल मागितली तर “पहिली फिटू दे” हे म्हणायची तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे. नातीच्या दवाखान्याचं वगैरे असेल तर गोष्ट वेगळी, ते तुमचं तुम्हाला कळेल.

आणि आता जे तुम्ही विचारलं नाहीये ते. घरच्यासारखं मानतो म्हणताना आपण पगारी रजा ठरवत नाही, पाहुणे आले की दुप्पट भांडी घासून घेतो, “जाता जाता जाळीजळमटं काढा हो” म्हणतो, दिवाळीच्या आधी पंखे आणि माळे पुसून घेतो, आणि हे सगळं त्याच पगारात. मावशींनीही कधी तुम्हाला नको म्हटलं नसणार. म्हणून बोलायला बसाल तेव्हा सुरुवात तुमच्या बाजूने करा, कामं कोणती, पाहुण्यांच्या दिवशी जास्तीचे किती, महिन्याला भरपगारी रजा किती (दोनाच्या खाली जाऊ नका, चार दिल्यात तर फारच चांगलं), दिवाळीला एक पगार, दर वर्षी वाढ. हे काही तुमचे उपकार नाहीत बरं का. 1980 साली याच पुण्यात मोलकरणींनी संप केला होता, पगारवाढ आणि रजा मागितल्या होत्या, त्यातूनच त्यांची संघटना उभी राहिली. 2008 साली राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला, 18 ते 60 वयाच्या कामगारांची त्यात नोंदणी होते आणि त्यासाठी काम देणाऱ्याचा दाखला लागतो. मावशींची नोंदणी नसेल तर तो दाखला तुम्ही लिहून द्या, पुढच्या चकरा कामगार कार्यालयात मारायला एखाद दिवस सोबतही जा. पन्नाशी उलटलीये त्यांची, उशीर नको.

बोलायचं कधी, तर राग आलेल्या दिवशी नाही, त्या दारात चपला घालत असताना नाही, आणि व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट पाठवून तर अजिबात नाही. एखाद्या रविवारी काम झालं की “मावशी, बसा जरा, बोलायचंय” म्हणा आणि खुर्चीवर बसवा. चार दिवस त्या गप्प गप्प राहतील, कदाचित एखादा खाडाही होईल, तेव्हा घाबरून सगळं मागे घेऊ नका आणि रागाने बदली बाईही शोधू नका. नवऱ्याला सांगा, बदलून टाकण्याआधी त्यांना एकदा स्पष्ट सांगितलं जाणं हा त्यांचा हक्क आहे, इतकी वर्षं तुमचं घर त्यांनी झाडलंय. आणि एवढं करूनही नाहीच जमलं तर महिनाभर आधी सांगा, उरलेला हिशोब चुकता करा, आणि दुसऱ्या घरी तुमचा फोन नंबर देऊन चार चांगले शब्द सांगा.

प्रश्न: मी डोंबिवलीला राहतो, आम्ही दोघंही नोकरीला. कामवाल्या ताईंकडे किल्ली असते, आम्ही नसताना येऊन काम करून जातात. संशय असा नाही, पण मुलाने हॉलमध्ये कॅमेरा बसवलाय. त्यांना सांगितलेलं नाही, सांगितलं तर वाईट वाटेल. सांगावं का?

उत्तर: सांगायलाच हवं, आणि आजच. बऱ्याच जणी काम करताना साडी खराब होऊ नये म्हणून गाऊन घालतात आणि घरात कोणी नाही म्हणून हॉलमध्येच बदलतात. तुमच्या मुलाच्या मोबाइलवर ते दिसत असेल हे नुसतं मनात आणून बघा. तुमचं घर हे त्यांचं कामाचं ठिकाण आहे, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या 2013 च्या कायद्यातही घरकाम करणाऱ्या बायका येतात, म्हणजे ही गोष्ट नुसती वाईट वाटण्यावर थांबणारी नाही. मुलाला आधीचं सगळं रेकॉर्डिंग डिलीट करायला लावा. मग ताईंना कॅमेरा दाखवा, कुठपर्यंत दिसतं ते मोबाइलवर त्यांच्याच हातात देऊन दाखवा, आणि कपडे बदलायला आतली खोली वापरा, तिथे काही नाही असं सांगा. शक्य असेल तर कॅमेऱ्याचं तोंड फक्त दाराकडे वळवा, किल्लीची काळजी असेल तर तेवढ्याने भागतं. हे बोलणं तुमच्या मिसेसनी केलेलं बरं. ताई म्हणाल्या की कॅमेरा असेल तर मी काम करणार नाही, तर तो त्यांचा हक्क आहे, अशा वेळी त्यांच्या कामाच्या तासाला कॅमेरा बंद ठेवा, नाहीतर तुमच्यापैकी कोणी घरी असताना काम करून घ्या.