भेकराचं वय शिंगांवरून सांगायची घाई नको

भावा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या दाजीपूर अभयारण्यात सगळे गव्यासाठी जातात, तू भेकराच्या, म्हणजे त्या छोट्या हरणाच्या, मागे लागलास हे मला फार आवडलं. वय कसं ओळखायचं म्हणून तू पाठवलेले फोटो बघितले. उजेड छान पकडलायस, पण प्रत्येक फोटोत जनावर तुझ्याकडे रोखून बघतंय, म्हणजे तू फार जवळ गेलास. भेकर कुत्र्यागत भुंकायला लागलं की आणखी पुढं सरकू नको.

आता वयाचं. नुसत्या शिंगांच्या लांबीवरून वय ठरवू नको, शिंगं गळतात आणि पुन्हा येतात. बघायचं ते शिंगाखालचं केसाळ खुंट. तरण्या नराचे खुंट लांब आणि बारीक, वर साधा सुळका, फाटा नाही. वय वाढेल तसे खुंट आखूड आणि जाड होत जातात, कारण दरवेळी शिंग गळताना खुंटाचाही थोडा भाग जातो. तुझ्या तिसऱ्या फोटोत डावा खुंट बोटाएवढा जाड आणि बुटका दिसतोय, मान पण भरलेली. तो नर मला उतरत्या वयाचा वाटतो. तरी एका फोटोवर पैज लावू नको. समोरून आणि बाजूनं, दोन्ही फोटो हवेत.

अंगावर पांढरे ठिपके असले तर काही महिन्यांचं पाडस. मादीला शिंगं नसतात, तिथं फक्त केसांचे झुपके.

फोकस डोळ्यावर, शटर स्पीड निदान १/५०० सेकंद ठेव. गाडीतून उतरू नको. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, तेवढं लक्षात घेऊन रजा टाक.