तिठ्यापर्यंत गेलेली बाई

काकू,

वय 39, देवगड तालुका. बी.एस्सी. झाले आणि लग्न होऊन या घरात आले. हापूसची बाग आहे, मिस्टर आणि दीर बघतात, सीझनला पेट्या भरायला मी असते. मुलगा शिकायला रत्नागिरीत. गेल्या डिसेंबरात ‘जीवनाचा उद्देश शोधा, त्यानुसार ध्येयं ठरवा’ अशी ऑनलाइन कार्यशाळा केली. चार वर्तुळांचं जपानी चित्र भरायला दिलं होतं. माझं मधलं घर रिकामंच राहिलं. सर म्हणाले, आधी ध्येयं लिहा, उद्देश मागून सापडेल. म्हणून पाच लिहिली. दहा किलो वजन उतरवणे, इंग्रजी बोलणे, आंबापोळी आणि कोकम आगळाचा ब्रँड, महिन्याला एक पुस्तक, पहाटे पाचला ध्यान. पाडव्यापर्यंत पाचही बंद. माझ्यात चिकाटीच नाही असं वाटतं. मिस्टर चांगले आहेत, कशालाच नाही म्हणत नाहीत. एरवी माझं काही विशेष नाही. 2014 पासून बागेतलं कॅलेंडरवर लिहून ठेवते, कुठल्या कलमांना मोहोर कधी आला, पाऊस कधी पडला, सवय आहे म्हणून. फवारणीच्या आधी मिस्टर विचारतात, ‘वयल्या कातळावर गेल्या वर्षी कधी इल्लो गो मोहोर?’ तेव्हा बघून सांगते. गेल्या दिवाळीत साफसफाईत त्यांनी ती जुनी कॅलेंडरं रद्दीत घातली. मी तिठ्यापर्यंत जाऊन रद्दीवाल्याकडून परत आणली. असो. काकू, उद्देशच नसेल तर ध्येय कशाच्या जोरावर ठरवायचं?

— निरुद्देश

*

बाय निरुद्देश,

तिठ्यापर्यंत चालत गेलीस की धावत? ते लिहिलं नाहीस. रद्दीवाल्याने फुकट दिली, की वजन करून पैसे घेतले? तेही नाही. ‘असो’ म्हटलंस आणि मला उद्देशाचा प्रश्न विचारून मोकळी झालीस. तुझं पत्र मी त्या तिठ्यापर्यंत वाचलं आणि तिथेच थांबले. वजन, इंग्रजी, पहाटेचं ध्यान मला दर जानेवारीत पोस्टाने येतं. स्वतःचं अक्षर रद्दीतून सोडवून आणणारी बाई येत नाही.

दिवाळीची साफसफाई म्हणजे घरात काय चाललेलं असतं ते मला ठाऊक आहे. फराळ अर्धा, पोटमाळ्यावरचं सामान अंगणात, पाहुणे उद्यावर. अशा वेळी हातातलं टाकून तू घराबाहेर पडलीस, रस्त्याने गेलीस, रद्दीवाला गाठलास, आणि ‘माझी कॅलेंडरं द्या’ म्हणालीस. घरात कुणाशी भांडलीस का? पत्रात तरी नाही. कुणाला समजावलंस का? तेही नाही. आणून कपाटात ठेवलीस असणार. आणि डिसेंबरात पैसे भरून एका माणसाला विचारलंस की माझ्या आयुष्याचा उद्देश काय.

मला राग येतो तो इथे. तुझाच येतो, त्या सरांचा नंतर.

त्या चित्राचं आधी सांगते. चार वर्तुळं, आवडतं ते, जमतं ते, जगाला लागतं ते आणि ज्याचे पैसे मिळतात ते. मध्ये ‘इकिगाई’, म्हणजे जगण्याचं कारण. ते चित्र जपानी नाही. एका स्पॅनिश ज्योतिषाने उद्देशासाठी काढलेल्या वर्तुळांवर 2014 साली एका इंग्रज ब्लॉगवाल्याने तो जपानी शब्द आणून बसवला, आणि तेव्हापासून ते शहाणपण म्हणून जगभर विकलं जातंय. तुझं मधलं घर रिकामं राहिलं यात तुझं काही चुकलं नाही. त्या चित्रात मधल्या घरात यायचं तर पैसाही मिळावा लागतो. तुझ्या कॅलेंडराला आजवर दमडी मिळालेली नाही, मग ते मधल्या घरात कसं बसणार?

जपानचंच उदाहरण हवं असेल तर हे घे. क्योटो शहरात चेरी कधी फुलली याच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या सापडतात. कुणी ठेवल्या? दरबारातल्या लोकांनी, भिक्षूंनी, रोजनिशीत. आज फुलं पाहायला गेलो, आज समारंभ झाला, एवढंच. त्यांना संशोधन करायचं नव्हतं. पुढे अभ्यासकांनी त्या रोजनिश्या चाळून तारखा एकाखाली एक मांडल्या, आणि म्हणून 2021 साली 26 मार्चला चेरी पूर्ण फुलली तेव्हा सांगता आलं की बाराशे वर्षांत इतक्या लवकर ती कधीच फुललेली नव्हती.

तुझ्याकडे बाराशे वर्षं नाहीत, 2014 पासूनची आहेत. पण ती कुठली वर्षं आहेत ते बघ जरा. 2019 च्या ऑक्टोबरअखेरीला क्यार वादळाचा पाऊस, ऐन मोहोराआधी कलमांना पाण्याचा ताण बसायच्या दिवसांत. त्या वर्षी पालवी किती फुटली आणि मोहोर किती लांबला ते तुझ्या चौकोनात असेल. 2020 चा एप्रिल, माल तयार आणि बाजार बंद. 2021 च्या मे महिन्यातली 16 तारीख तर मला न बघता सांगता येईल. तौक्ते. त्या चौकोनात तू ‘वादळ’ लिहिलंस, की पडलेली कलमं मोजून आकडा टाकलास? मला वाटतं, आकडा टाकलास. आणि ज्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत थंडी परतली, त्याच फांदीला पुन्हा मोहोर फुटला आणि वाटाण्याएवढी झालेली फळं गळून गेली, ते वर्ष तर तुला कॅलेंडर न बघता आठवत असेल. पण कुठल्या कलमांना पुनर्मोहोर आला, कातळावरच्यांना की खालच्या ओहोळाकाठच्यांना, आणि सगळीकडे एकाच आठवड्यात की मागेपुढे? हे आठवणीतून सांगता येत नाही, लिहिलेलंच लागतं. आणि ते लिहिलेलं तुझ्या तालुक्यात किती घरांत असेल, तूच सांग.

एक गैरसमज आधीच काढून टाकते, नाहीतर कुणी शेजारी तो तुझ्या डोक्यात भरवेल. या नोंदींवर फळपीक विमा मिळणार नाही. विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरते. तुझ्या कातळावर पाऊस पडला आणि केंद्रावर नाही पडला, तर कागदावर तो पडलेलाच नसतो. तुझं कॅलेंडर दाखवून कुणी ऐकणार नाही. म्हणून ते कमी मोलाचं ठरत नाही. उलट, केंद्र जे बघत नाही ते तू बघतेस.

चिकाटीबद्दल बोलू का? पाच ध्येयं तीन महिन्यांत गळली म्हणून तू चिकाटी नसलेली ठरलीस, आणि दहाहून जास्त वर्षं, कुणी न सांगता, मे महिन्यात पेट्या भरून पाठ मोडलेली असतानाही रात्री भिंतीपाशी जाऊन चौकोनात दोन शब्द लिहिलेस ते ‘सवय’ झालं. हा कुठला हिशोब? केनन शेल्डन आणि अँड्र्यू एलियट या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी 1999 मध्ये मांडलं होतं की माणसाचं ध्येय त्याच्या स्वतःच्या आवडीतून, पटण्यातून आलेलं असेल तर तो जास्त काळ कष्ट घेत राहतो. लाजेने किंवा दुसऱ्याच्या सांगण्याने घेतलेलं मागे पडतं. त्याला अमेरिकेत अभ्यास लागला, आपल्याकडे सासुरवाशिणीला विचारलं असतं तरी चाललं असतं. तुझ्या पाचातलं एकतरी तुझं होतं का? आंबापोळीचा ब्रँड तर मला सरळ सरांच्या आवाजात ऐकू येतो. सीझनला पहाटे पाचला तू ध्यानाला कशी बसणार होतीस, तोडणीची माणसं अंगणात चहाची वाट बघत असताना, हे त्या सरांनी विचारलं नाही. तूही विचारलं नाहीस.

सर म्हणाले, ध्येयं लिहा, उद्देश मागून येईल. उलटं कर. जे तू कुणी न सांगता करतेसच, त्याची पुढची पायरी कुठली, ते तुझं ध्येय.

आता तुझे मिस्टर. ‘चांगले आहेत, कशालाच नाही म्हणत नाहीत.’ असतील. पण तुझ्याच पत्रात लिहिलंयस की फवारणीच्या आधी ते तुला तारीख विचारतात. म्हणजे त्या कॅलेंडरांवर त्यांची बाग चालते. औषधाचा खर्च किती, एक फवारणी चुकली तर तुडतुडे मोहोराचं काय करतात, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ज्या कागदांवरून ते हे ठरवतात तेच त्यांनी रद्दीत घातले, कारण कागद बायकोच्या अक्षरातले होते आणि भिंतीवरून उतरलेले होते. औषधाच्या दुकानाचं बिल त्यांनी रद्दीत घातलं असतं? मला त्यांच्याशी भांडायचं नाही आणि तूही भांडू नकोस, त्यात पावसाळा निघून जाईल. पण नाही न म्हणणं म्हणजे साथ देणं, असं मला कृपा करून लिहू नकोस. आणि त्यांना तरी एकट्यांना का बोलू? ‘माझं काही विशेष नाही’ हे तू स्वतः लिहिलंयस. त्यांनी एकदा रद्दीत घातली, तू पत्रात पुन्हा घातलीस.

तर एकच काम सांगते. पाचही ध्येयं आजपासून रद्द, त्यांचं सुतक धरू नकोस. वजनाचं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ते डॉक्टरांशी बोल, माझ्याशी नको.

सगळी कॅलेंडरं काढ. आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घे, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात वाळवी आणि बुरशी कुणाच्या उद्देशाची वाट बघत नाहीत. कालनिर्णय असेल तर चौकोन आधीच गच्च भरलेले असतात, तिथि, नक्षत्र, सणवार, त्यात तुझं बारीक अक्षर. (तो काढणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचे. त्यांच्या चौकोनात देवगडचा मोहोर गेला तर त्यांना वाईट वाटलं नसतं.) मग एक लांब वही घे, हिशोबाची असते तशी. बागेचे भाग तुम्ही घरात जसे म्हणता तसेच लिही, वयलो कातळ, ओहोळाकडची, घरामागची. शास्त्रीय नावं शोधत बसू नकोस. प्रत्येक वर्षाला प्रत्येक भागाची एक ओळ. पालवी कधी, पहिला मोहोर कधी, कणी (बारीक फळ) कधी धरली, पुनर्मोहोर आला का, अवकाळी पाऊस कुठल्या तारखेला, फवारण्या किती, पहिली पेटी कधी, शेवटची कधी. जिथे नोंद नाही तिथे रेघ मार. अंदाजाने भरू नकोस, बी.एस्सी. झालेल्या बाईला हे सांगायला नको. पहिल्या पानावर तुझं नाव, पूर्ण, बागेच्या नावाच्या वर.

हे गणपतीच्या आत व्हायला हवं. चाकरमानी आले, घर भरलं की तुला तुझं नावही आठवणार नाही, आणि पुढे नवरात्र, दिवाळी, की लगेच नवीन मोहोराकडे डोळे.

वही झाली की ती घेऊन रामेश्वरला जा. तुझ्याच तालुक्यात कोकण कृषी विद्यापीठाचं आंबा संशोधन उपकेंद्र आहे. तिथे काही जमलं नाही तर वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र, 1957 पासून आहे, रत्ना आणि सिंधू या आंब्याच्या जाती तिथल्याच. तिथल्या शास्त्रज्ञाला दोनच प्रश्न विचार. मी लिहिते त्यात काय कमी पडतंय? आणि येत्या हंगामात कुठल्या दिवशी काय बघून लिहिलं तर ते तुमच्या उपयोगी पडेल? ते जे सांगतील ते तुझं पुढच्या वर्षाचं ध्येय, तारखांसकट तयार. त्यांना वेळ नसेल, एखादा चहा पाजून वाटेला लावेल, तर आठवड्याने परत जा. रद्दीवाला गाठू शकतेस, ऑफिसही गाठशील.

याचा व्हिडिओ चॅनल काढ असं तुला कुणीतरी सुचवेल. निदान वर्षभर तरी नको. मिस्टरांना घेऊन जायचं का, हेही विचारशील. गाडी चालवायला न्यायचं तर ने, पण बोलायचं तू. त्यांनी मध्येच ‘आमच्या बागेत कसं आसा’ म्हणून सुरुवात केली तर त्यांना बाहेर कलमं बघायला पाठव.

सकाळच्या वेळेत जा, दुपारी साहेब बागेत असतात. वहीबरोबर मूळ कॅलेंडरंही पिशवीत घाल, ती मागतील. आणि ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तर वही देऊ नकोस, झेरॉक्स दे.

— काकू