कीटक पाहायचे असतील तर एकच फांदी निवडा

इमारतीत राहतो, अंगण नाही, बाल्कनीत चार कुंड्या आहेत. एवढ्या जागेत कीटकांचे निरीक्षण कसे सुरू करावे, साधने कोणती घ्यावीत आणि नावे कशी ओळखावीत, असे आपण विचारले आहे. साधनांचा भाग लहान आहे, म्हणून तो आधी संपवतो. दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग, एक वही आणि पेन्सिल एवढे पुरते. भिंग डोळ्याजवळ धरून पान भिंगाकडे आणावे. बहुतेक जण हात लांब करून भिंग धरतात आणि त्यामुळे त्यांना काहीच धड दिसत नाही. मोबाइलचा कॅमेरा सुरुवातीला दूरच ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण फोटो मिळाला की आपले पाहणे थांबते.

जागा कमी आहे याची खंत बाळगू नये. इंग्लंडमधील लेस्टर शहरात जेनिफर ओवेन यांनी आपल्या घरच्या साध्या बागेत १९७२ ते २००१ अशी तीस वर्षे नोंदी ठेवल्या. त्या नोंदींत एकूण २,६७३ प्रजाती भरल्या आणि त्यांपैकी १,९९७ कीटकांच्या होत्या. आपली बाल्कनी त्या बागेपेक्षा कितीतरी लहान आहे हे खरे. तरीही त्याच जागेकडे पुन्हा पुन्हा जाण्याची त्यांची सवय आपल्याला चार कुंड्यांतही लावून घेता येते.

म्हणून माझे सांगणे असे की, एक झाड निवडा, त्याचीही एकच फांदी निवडा आणि रोज दहा मिनिटे तिच्यापाशी बसा. मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक कीटक, पडलेली फांदी मिळाली तर फारच उत्तम. नुसत्या डोळ्यांना कोवळ्या शेंड्यावर हिरवे दाणे चिकटल्यासारखे वाटते, पण भिंगातून पाहिले की प्रत्येक दाण्याला सहा पाय दिसतात, देठात खुपसलेली सोंड दिसते आणि पाठीच्या मागच्या टोकाला दोन बारीक नळ्या दिसतात. धीराने थांबल्यास एखादी मादी पिलाला जन्म देतानाही दिसते. पिलू मागच्या बाजूने बाहेर येते, थोडा वेळ आईला लोंबकळत राहते, मग पाय मोकळे करून शेजारीच सोंड रोवते. अनुकूल ऋतूत या माद्या नराशिवाय थेट पिलेच देतात, त्यामुळे आज शेंड्यावर असलेला मावा काही दिवसांतच फांदीभर पसरलेला दिसतो. तिथे मुंग्याही असतील. मुंगी आपल्या मिशांनी माव्याला हलकेच थोपटते, मावा गोड, चिकट थेंब सोडतो आणि ती तो पिऊन पुढच्याकडे वळते.

याच फांदीवर ढालकिडा येतो. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला हा भुंगेरा सर्वांच्या ओळखीचा असतो, पण त्याची अळी मात्र फार थोड्यांना ओळखता येते. ती लांबट, काळपट, नारिंगी ठिपक्यांची असते आणि चालताना एखाद्या चिमुकल्या सुसरीसारखी दिसते. पहिल्या वर्षी मी अशा सगळ्या अळ्या झाडाच्या शत्रू समजून चिरडल्या आणि नंतर मावा इतका का वाढला याचे कारण शोधत बसलो. त्या अळ्या मावाच खात होत्या. ती चूक मला आजही सलते, आणि म्हणूनच काहीही फवारण्यापूर्वी किंवा पुसून काढण्यापूर्वी एकदा भिंगातून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी एक गोष्ट मुद्दाम शोधा. माव्याच्या गर्दीत एखादा फुगीर, तपकिरी, कागदासारखा कोरडा मावा दिसेल. गांधीलमाशीच्या गणातील एका अतिशय लहान कीटकाने जिवंत माव्याच्या शरीरात अंडे घातलेले असते, अळी त्याला आतून खात वाढते, आणि शेवटी पंख फुटलेला कीटक त्याच्या पाठीला गोल भोक पाडून निघून जातो. मला असे भोक पहिल्यांदा दिसले तेव्हा त्याचे झाकण कडेला बिजागरीवर टेकल्यासारखे अजून उघडेच होते. टाचणीच्या डोक्याएवढ्या त्या पोकळ कवचाकडे मी बराच वेळ पाहत राहिलो होतो.

कुंडीतल्या फुलासमोर हवेत एका जागी स्थिर राहणारी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी दिसली तर मधमाशी समजून घाबरू नये. मधमाशीला चार पंख असतात, हिला दोनच. मिशा आखूड, डोळे मोठे आणि नांगी नाही. हिच्या अनेक जातींच्या अळ्याही माव्यावरच जगतात, म्हणजे ती आपल्या फांदीच्याच गोष्टीतली आहे.

रात्री दिव्याभोवती येणारे पतंगही पाहावेत, पण पाहून झाल्यावर दिवा बंद करावा. उडणारे कीटक आपली पाठ प्रकाशाकडे वळवतात, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांच्या मदतीने दाखवले गेले. मोकळ्या आकाशाखाली त्यांना या सवयीने वर-खाली कळते. जवळच्या दिव्यापाशी मात्र तीच सवय त्यांना घिरट्या घालायला लावते. केसाळ सुरवंटांना हात लावू नये, काहींच्या केसांनी त्वचेची आग होते.

नावांची घाई पहिला महिनाभर करू नये. वहीत तारीख, वेळ, झाड, कीटक पानाच्या वरच्या बाजूला होता की खालच्या, आणि तो काय करत होता, एवढे लिहावे. जमेल तसे चित्र काढावे, कारण चित्र काढताना पाय आणि पंख मोजावेच लागतात. महिनाभराच्या नोंदी झाल्या की मला दाखवा, त्या फांदीवर कोण कोणावर जगत आहे हे आपण मिळून लावू.