भुसावळला राहणाऱ्या निवृत्त आई-बाबांना जगप्रदक्षिणेच्या क्रूझवर पाठवायचं आहे. मुंबईहून चढता येईल का?

पूर्ण प्रदक्षिणेसाठी मुंबईची आशा धरू नका. या सफरी बहुतेक जानेवारीत मायामी, लॉस एंजेलिस किंवा साउदॅम्प्टनहून सुटतात आणि साधारण चार महिने चालतात. मी जळगावात व्हिसाची कामं करतो. पैसे जमतात हो, पण भारतीय पासपोर्टवर खरी दमछाक होते ती व्हिसांची. वाटेतल्या देशांचे व्हिसा निघण्याआधीच हातात लागतात, एखादा राहिला तर जहाजावर चढूच देत नाहीत. ऑस्ट्रेलियाला तर बंदरावर न उतरणाऱ्यालाही व्हिसा हवा. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, घ्याल तो मल्टिपल एंट्रीचाच घ्या, कारण जहाज ग्रीसहून शेंगेनबाहेरच्या तुर्कस्तानला जाऊन इटलीत आलं की ती दुसरी एंट्री धरतात. म्हणून आई-बाबांसाठी मी एखादा टप्पाच सुचवेन, उदाहरणार्थ दुबई ते सिंगापूर. कंपन्या असे तुकडे वेगळे विकतात, आणि जहाज तेच, थाटही तोच. जेवण शाकाहारी किंवा जैन हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. फक्त ॲडव्हान्स भरण्याआधी ताजा मार्ग बघून घ्या: तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे 2024 मध्ये अनेक जहाजांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला, आणि मधली बंदरं गळाली.