कलिंग परत का नाही दिलं?

प्रिय संघमित्रा,

परवा गाडीत तू विचारलंस, “मंडळात सगळे दसरा म्हणतात, सोनेरी कागदाची पानं वाटतात. आजी त्याच दिवसाला अशोक विजयादशमी म्हणते. पण अशोकानं तर लढाई सोडली होती ना? मग विजय कुणाचा? आणि एक लाख माणसं मारल्यावर सॉरी म्हटलं की माणूस चांगला होतो का? एवढं वाईट वाटलं तर कलिंग परत का नाही दिलं?” मी म्हणाले, घरी गेल्यावर सांगते. घरी पोचेपर्यंत तू झोपली होतीस. तसाही तुझा शेवटचा प्रश्न मोठ्यांना अडचणीत आणणारा आहे, म्हणून लिहूनच देते.

आधी दसऱ्याचं. महाराष्ट्रात हा सण पावसाळ्याच्या शेवटाशी बांधलेला आहे. पावसात नद्या भरलेल्या, वाटा चिखलात, त्यामुळे फौजा छावणीत. पाऊस ओसरला की दसऱ्याला मराठ्यांच्या मोहिमा निघत. गावाची शीव ओलांडायची, ते सीमोल्लंघन. आता लोक नवे कपडे घालून देवळापर्यंत जाऊन येतात, आपट्याची पानं देतात, मोठ्यांच्या पाया पडतात आणि घरी येऊन श्रीखंड-पुरी खातात. पण मुळात तो लढाईचा हंगाम सुरू होण्याचा दिवस. त्याच दिवशी तलवार खाली ठेवणाऱ्या राजाची आठवण काढायची, हे तुला विचित्र वाटलं. मलाही लहानपणी वाटायचं.

आजीच्या दिवसाची गोष्ट नागपूरची आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला दसरा होता. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांनी भिक्खू चंद्रमणींकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मग बाबासाहेबांनी स्वतः समोरच्या लाखो लोकांना दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. ज्या मैदानावर हे झालं ती आजची दीक्षाभूमी. गावोगावची माणसं पांढरे कपडे घालून आली होती, त्यात तुझी पणजीही होती. ज्यांना विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं, देवळाच्या पायरीवर उभं राहू दिलं जात नव्हतं, अशी ही माणसं. त्यांनीही त्या दिवशी एक शीव ओलांडली, पण कुणावर चालून न जाता. म्हणून दसऱ्याचीच तिथी निवडणं मला फार नेमकं वाटतं. परंपरा अशी सांगते की अशोकानं विजयादशमीलाच धम्म स्वीकारला. अशोकाच्या लेखांत मात्र तशी तिथी कुठेच नाही, हेही तुला माहीत असलेलं बरं. आजीशी यावरून वाद घालू नकोस. घातलासच तर आधी तिच्या हातचं खाऊन घे.

आता राजा. त्याच्याबद्दल आपल्याला जे पक्कं ठाऊक आहे, ते त्यानंच दगडावर कोरवून ठेवलंय म्हणून. ती ब्राह्मी लिपी मधल्या काळात कुणाला वाचता येईनाशी झाली होती. 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेपनं ती उलगडली, तेव्हा त्यात राजाचं नाव निघालं ‘देवांचा प्रिय प्रियदर्शी’. हा म्हणजे अशोकच, असं अंदाजानं म्हणत होते. 1915 मध्ये कर्नाटकातल्या मास्कीला सापडलेल्या लेखात ‘अशोक’ हे नाव स्पष्ट मिळालं.

तुझा लाखाचा आकडा तेराव्या शिलालेखातला आहे. (त्याचे चौदा मोठे लेख आहेत, तेच ठिकठिकाणच्या खडकांवर कोरलेत, आणि अभ्यासक त्यांना क्रमांकानं ओळखतात.) राज्याभिषेकाला आठ वर्षं झाल्यावर राजानं कलिंग जिंकलं, म्हणजे साधारण इसवी सनापूर्वी 261 मध्ये. कलिंग म्हणजे आजचा ओडिशाचा किनारा. लेख सांगतो: दीड लाख माणसं तिथून पकडून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली. पुढे तो म्हणतो की याचा आता आपल्याला पश्चात्ताप होतो. नुसता मेलेल्यांचा नाही. जे वाचले त्यांचे मित्र, सोयरे, सोबती मेले किंवा देशोधडीला लागले, तर तोही त्या वाचलेल्यांवर झालेला घावच, असं तो लिहितो. आणि त्या वेळी जितके मेले त्याच्या शंभराव्या, हजाराव्या हिश्शाइतकी माणसं जरी आज मेली तरी आपल्याला ते जड जाईल.

इथे जरा थांब. जिंकलेले राजे लेख कोरून घेतात ते आपण किती शत्रू लोळवले हे मिरवायला. याचे मेलेल्यांचे आकडेही त्याच पठडीत बसले असते. मग पुढचं वाक्य आलं, आणि त्यानं तेच आकडे स्वतःच्या अंगावर घेतले. दुसऱ्या कुणी त्याच्यावर केलेला हा आरोप नाही. त्याला कोण जाब विचारणार होतं? मनात आणलं असतं तर कलिंगाचा उल्लेखही न करता तो धम्माबद्दल बोलू शकला असता. मला अशोक आवडतो तो या लेखामुळे. तो सज्जन होता की नव्हता, हा वाद नंतरचा.

पण सिनेमात दाखवतात तसं रणांगणावर प्रेतं पाहिली, तलवार फेकली, झाला बौद्ध, असं घडलेलं नाही. मध्य प्रदेशातल्या रूपनाथसारख्या ठिकाणच्या छोट्या लेखांत तो स्वतः कबूल करतो की मला उपासक होऊन अडीच वर्षांच्या वर झालं, पण पहिलं वर्षभर मी काही फार मनावर घेतलं नव्हतं. नंतर भिक्खूसंघाच्या जवळ गेलो, तेव्हा जोरात प्रयत्न सुरू झाले. म्हणजे तुझं पेटीवादन जसं चाललंय, तसंच. श्रीलंकेच्या महावंस या जुन्या बौद्ध ग्रंथात तर कलिंगाचं नावच नाही. तिथे निग्रोध नावाचा एक लहान श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, राजाचं मन वळवतो. त्याच ग्रंथात अशोकानं नव्याण्णव भाऊ मारल्याचंही आहे, आणि इकडे पाचव्या शिलालेखात राजा आपल्या भावाबहिणींच्या घरांची काळजी घेणारे अधिकारी नेमतोय. आधी किती दुष्ट होता हे जितकं रंगवावं तितका धम्माचा चमत्कार मोठा दिसतो. कथा सांगणाऱ्यांना तो मोह पडला असणार.

तुला हसू येईल असा लेख पहिला आहे. त्यात राजा आपल्या मुदपाकखान्याचा हिशेब देतो. पूर्वी आमच्या स्वयंपाकघरात रोज कितीतरी लाख प्राणी कालवणासाठी मारले जात, आता फक्त तीन मारतात: दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही रोज नाही. पुढे हे तीनही मारणार नाही. बघ, एवढा सम्राट, पण मोर एका दमात सुटेना! अहिंसेचा उपदेश करणाऱ्या माणसानं स्वतःच्या ताटातली ही उधारी जाहीर करावी, याचं मला कौतुक वाटतं. तू लगेच विचारशील, मग आपण सावजी मटण का खातो? त्याचं उत्तर बाबाला विचार. आजी अशोक विजयादशमीला घरात मटण शिजू देत नाही, एवढंच मी सांगू शकते. सकाळी वंदनेत ती ‘पाणातिपाता वेरमणी’ म्हणते, जिवाची हत्या करणार नाही. त्याच दिवशी दुपारी रस्सा नको, इतका तिचा हिशेब सरळ आहे.

आता कलिंग. परत नाही दिलं. तेराव्या लेखात तसा विचारही दिसत नाही. फौज मोडली असं कुठल्याच लेखात नाही. रानातल्या लोकांना तर त्याच लेखात बजावलंय की राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्या हातात बळ आहे, तेव्हा मारले जाण्याआधी नीट वागा. मृत्युदंडही चालूच होता. फक्त शिक्षा झालेल्याला तीन दिवसांची सवलत, म्हणजे नातेवाइकांना दाद मागता यावी, नाहीतर त्यानं परलोकाची तयारी करावी. आणखी एक गोष्ट. खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडला, हा तेरावा लेख कोरलेलाच नाही. पश्चात्ताप कोरला गिरनारला, पार तिकडे पेशावरजवळ शाहबाझगढीला; ज्यांची माणसं गेली त्यांच्या दारात नाही. तिथे वेगळे लेख आहेत. ‘सगळी माणसं माझी लेकरं’ हे प्रसिद्ध वाक्य तिथलं. कलिंगातल्या तोसली शहराच्या अधिकाऱ्यांना तो ताकीद देतो की कुणाला विनाकारण कोंडू नका, छळू नका. मत्सर, राग, क्रूरपणा, घाई, आळस, थकवा यांमुळे तुमच्या हातून न्याय होत नाही, ते टाळा. हा हुकूम ठरावीक दिवशी लोकांना वाचून दाखवा.

याचा अर्थ कसा लावायचा? काही जण म्हणतील, जखमेवर मीठ नको म्हणून आकडे तिथे कोरले नाहीत. मला त्यात राजकारण्याचा सावधपणाही दिसतो. नव्यानं जिंकलेल्या मुलखात ‘आमचं चुकलं’ असं दगडावर कोरलं की लोक पुढचा प्रश्न विचारणारच, आणि तो तू विचारलास तोच. माझं उत्तर असं: नाही, सॉरी म्हटलं की झालं, असं नाही. त्या दीड लाखांना घरी परत पाठवल्याचं कुठे लिहिलेलं नाही. पण त्यानं मुलांना, पणतवांना सांगून ठेवलं की नवे मुलूख जिंकायच्या फंदात पडू नका, धम्मानं मिळवलेला विजय तोच खरा माना. आणि कलिंगानंतर त्यानं दुसरं कुठलं राज्य जिंकल्याची नोंद नाही. अशोक विजयादशमीतला विजय हा आहे. अर्धामुर्धा वाटला तर वाटू दे. हाती सत्ता असलेल्यांपैकी एवढं तरी किती जणांनी केलंय?

आपल्या मुलखाशी त्याचं नातं काय, हेही सांगते. महावंस म्हणतो, पाटलिपुत्राच्या संगीतीनंतर, म्हणजे भिक्खूंच्या मोठ्या सभेनंतर, भिक्खू चारी दिशांना पाठवले, त्यात महाधम्मरक्खित महाराष्ट्रात आला आणि कोकणाच्या बाजूला, अपरान्तात, योनक धम्मरक्खित नावाचा ग्रीक भिक्खू. तुझं नाव ज्या संघमित्रेवरून ठेवलं, ती अशोकाची मुलगी बोधिवृक्षाची फांदी घेऊन लंकेला गेली, हे त्याच ग्रंथातलं. आणि लोकलच्या पाटीवर तू वाचलेलं नालासोपारा आठवतं ना? ते जुनं शूर्पारक बंदर. भगवानलाल इंद्रजींना 1882 मध्ये तिथे आठव्या लेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच भुईगावला सापडला, तोही नेमका 1956 मध्ये.

नववा लेख मला फार जवळचा वाटतो. त्यात राजा म्हणतो, लोक आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना विधी करतात, बायका तर फारच फुटकळ आणि निरर्थक विधी करतात. (राजेसाहेबांना पुरुषांचे नवस दिसले नसावेत.) करा, पण फळ थोडं. त्यापेक्षा नोकर-दासांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान ठेवणं, जिवांशी संयमानं वागणं, हे खरं मंगल. तो दगड मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. डिसेंबरात भारतात उतरलो की नागपूरच्या गाडीआधी एक दिवस हातात आहे, तेव्हा बघू.

पणजी 1956 ला नागपूरला कशी पोचली, कुणाबरोबर, काय बांधून नेलं होतं, हे आजीला विचार आणि लिहून घे. मला तुकडे तुकडेच माहीत आहेत. शाळेतून आल्या आल्या फोन लावू नकोस, तेव्हा तिकडे तिचा स्वयंपाक चालू असतो. आपली जेवणं झाल्यावर लाव, आणि आधी जय भीम म्हण.

तुझी,
आई